गाडी हलेना म्हणून रेस देऊ नका

गेल्या जानेवारीतली गोष्ट. लष्करातल्या दाना ओलीत एका दुकानी बाजरीची पोती पोहोचवायची होती, आणि आपल्याच एका शेतकरी बांधवाने आम्हाला पिकअपमध्ये शेजारी बसवून घेतले होते. गाडी जुनी विकत घेतलेली, पण ऑटोमॅटिक गिअरची. निम्मी पोती उतरल्यावर गाडी थोडी मागे घ्यायची म्हणून त्याने दांडी ‘आर’वर टाकली. गाडी जागची हलेना. त्याने रेस दिली. तरी काही नाही. आणखी रेस दिली, तेव्हा एकदम झटका बसून गाडी हातभर मागे उडाली. मागे पाठीवर पोते घेतलेला हमाल होता. तो दुकानाच्या पायरीवर चढला म्हणून वाचला. पोते फाटले, बाजरी रस्त्यावर सांडली. दाना ओली म्हणजे दाण्यांची ओळ, हे नाव त्या दिवशी आम्हाला फारच शब्दशः पाहावे लागले!

आपल्यापैकी बहुतेकांच्या गाड्या पायाच्या क्लचच्या आहेत. परंतु ऑटोमॅटिक पिकअप आता आपल्याकडेही दिसू लागल्या आहेत. टोयोटाची हायलक्स भारतात २०२२ साली आली, तीत ऑटोमॅटिकही मिळते. अमेरिकेत तर ओल्डस्मोबाइल मोटारीत १९४० च्या मॉडेलपासून ही सोय होती. तेव्हा या गाडीचा स्वभाव जाणून घेतलेला बरा.

टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये असेच दोन पंखे एका बंद डब्यात बसवलेले असतात. वाऱ्याऐवजी तिथे तेल असते. गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटाही तेलाच्याच दाबाने आवळल्या जातात. म्हणजे इथे तेल नुसते वंगण नव्हे, जोर वाहून नेणारा गडीच तो. तेल कमी पडले की दाब उशिरा तयार होतो, आणि दांडी टाकल्यावर गाडी विचार करीत उभी राहते. तेवढ्यात आपण रेस दिली तर इंजिन जोरात फिरत असताना क्लच एकदम पकडतो. झटका बसतो तो असा. माणसाला धोका आहेच, शिवाय प्लेटाही जळतात.

उशीर किती, हे आधी पाहावे. गाडी सपाट जागी, गरम झालेली; पुढे-मागे कोणी नाही; हँडब्रेक ओढलेला आणि पाय ब्रेकवर घट्ट. रेस न देता दांडी ‘एन’वरून ‘डी’वर टाकावी आणि गाडीला हलका हिसका जाणवेपर्यंत घड्याळ पाहावे. मिनिटभर थांबून ‘आर’चेही तसेच पाहावे. एक-दीड सेकंद लागला तर काळजी नको. तीन-चार सेकंद लागले तर दुखणे आहे.

पुढे आणि मागे, दोन्हीकडे उशीर होत असेल तर संशय पहिल्याने तेलावर, मग चोंदलेल्या फिल्टरवर. चढावर उशीर वाढत असेल तर तेल कमी असल्याचा संशय बळावतो. एकाच बाजूला उशीर होत असेल तर त्या बाजूच्या क्लचचे सील कडक झाले असावे. ते काम गिअरबॉक्स उघडणाऱ्याचे. रात्रभर उभ्या गाडीला फक्त सकाळी पहिल्यांदाच उशीर होत असेल, तर डब्यातले तेल रात्री खाली उतरत असावे. आणि हो, कित्येकदा गिअरबॉक्स बिचारा निर्दोष असतो, मागचा ब्रेक ड्रममध्ये धरून बसलेला असतो! तेही पाहून घ्यावे.

तेल पाहायची रीत गाडीसोबतच्या पुस्तकात असते, तिच्याबाहेर जाऊ नये. पुष्कळ गाड्यांत इंजिन चालू ठेवून, तेल गरम असताना डिपस्टिक पाहतात. काही नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. तिथे ठरावीक उष्णतेला खालचा बोल्ट काढून पाहावे लागते, ते गॅरेजवाल्याकडेच द्यावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, आणि ते तेल हात भाजण्याइतके तापलेले असते हेही विसरू नये. तेल बहुधा लाल असते. काळपट होऊन जळका वास येत असेल तर प्लेटा झिजल्या आहेत. दुधाळ गुलाबी दिसले तर रेडिएटरमधले पाणी आत शिरले आहे. गाडी तिथेच बंद करावी. कमी असेल तर पुस्तकात लिहिलेल्याच जातीचे तेल, थोडे थोडे, खुणेपर्यंत घालावे. जास्त घातले तर फेस होऊन तोच त्रास पुन्हा. आणि तेल कमी झाले याचा अर्थ ते कुठून तरी गेले, हे ध्यानात ठेवावे. ती गळती शोधल्याशिवाय नुसती भर घालणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

आमच्या बांधवाला एका मिस्त्रीने सांगितले, गिअरबॉक्स पुरता उतरवावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून तो दोन रात्री झोपला नाही, बी-बियाण्याला ठेवलेले पैसे मोडायची भाषा करू लागला. आम्ही म्हटले, आधी तेल तर पाहा. पाहिले तेव्हा ते खुणेच्या खूप खाली होते, आणि रेडिएटरकडे जाणारी रबरी नळी सांध्याशी ओली होती. नळी बदलली, फिल्टर बदलला, तेल भरले. ‘आर’ आता लगेच पकडतो.

फाटलेल्या पोत्याची भरपाई त्याने दुकानदाराला दिली. तो हमाल मात्र पुढच्या खेपेला गाडीच्या मागे उभा राहिला नाही. बाजूचा फाळका उघडायला लावून त्याने सगळी पोती तिकडूनच उतरवली.