हिंगोलीचा माळ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

औंढा नागनाथ, सेनगाव, कळमनुरीचे मुरमाड माळ पाहिले की अनेकांना ते माणसाने उजाड केलेले जंगल वाटते. माळाचा खरा इतिहास मात्र पावसाने लिहिला आहे.

गैरसमज १: इथे सर्वत्र घनदाट जंगल होते, कुऱ्हाडीने त्याचा माळ केला.

वस्तुस्थिती: जंगलतोड झालीच, पण माळ तिच्याहून जुना आहे. याचा पुरावा नद्यांच्या गाळात आहे. जिल्ह्यातून वाहणारी पूर्णा गोदावरीला मिळते. कयाधूचे पाणीही पैनगंगा, वर्धा, प्राणहिता असा प्रवास करत शेवटी गोदावरीतच जाते. या खोऱ्याचा गाळ हजारो वर्षे बंगालच्या उपसागरात साचत आला. त्यात पानांवरचे मेण टिकून राहते आणि त्यातल्या कार्बनवरून ते झाडांचे की उष्ण प्रदेशातील गवतांचे, हे ओळखता येते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून हा प्रदेश कोरडा होत गेला आणि कोरड्या हवेत तगणाऱ्या वनस्पती वाढल्या. १,७०० वर्षांपूर्वीपासून हा कोरडेपणा आणखी वाढला. लोणार सरोवराच्या गाळातही सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीच्या दीर्घ अवर्षणाच्या खुणा सापडल्या आहेत.

गैरसमज २: माळ म्हणजे पडीक जमीन, झाडे लावली की ती सुधारते.

वस्तुस्थिती: उष्ण प्रदेशातील गवते दक्षिण आशियात ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीच मोठ्या प्रमाणावर पसरली. गवत आणि विरळ झाडे अशी ही स्वतंत्र परिसंस्था, म्हणजेच सव्हाना. काळवीट, लांडगा, तणमोर यांचे हे घर. द्वीपकल्पीय भारतातील सव्हानातच वाढणाऱ्या २०६ वनस्पतींची नोंद संशोधकांनी २०२२ साली केली. दाट सावली पडली की पवन्या, मारवेल यांसारखी ऊन मागणारी गवते मरतात.

गैरसमज ३: हवामान पूर्वीही बदलले, मग आता काळजी कशाला?

वस्तुस्थिती: सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे जेमतेम १९० भाग होते. ते २८० व्हायला हजारो वर्षे लागली. त्यापुढे ४२० ओलांडायला मात्र दोन-अडीच शतकेच पुरली. कमी कार्बन डायऑक्साइड गवताला मानवतो, वाढलेला झाडाझुडपांना बळ देतो. म्हणजे वृक्षलागवड झाली नाही तरी माळ आधीच दबावाखाली आहे.

म्हणून खड्डे खणण्याआधी तिथले गवत ओळखावे. जिथे जंगल तुटले तिथे झाडे जरूर लावावीत. जुन्या माळाला मात्र आळीपाळीची चराई आणि मोकळे ऊन द्यावे.