बँकेच्या नावाने येणारे खोटे ईमेल

काजूबिया विकून आलेले पैसे आपण बँकेत ठेवतो. चोरांचा डोळाही तिथेच असतो. “खाते आजच बंद होईल, येथे दाबा” असा बँकेच्या नावाचा ईमेल आल्यास दाबू नये. भीती आणि घाई घालणे हीच खोट्याची खूण. खरी बँक पिन, पासवर्ड किंवा ओटीपी कधीही मागत नाही. शंका आल्यास पासबुक घेऊन वाळपईच्या शाखेत विचारावे.

चुकून माहिती दिली गेलीच, तर लाज न धरता ताबडतोब बँकेला आणि १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घातलेल्या नियमाप्रमाणे, गुपित सांगितल्यामुळे गेलेले पैसे खातेदाराचे नुकसान. पण बँकेला कळवल्यानंतर गेले तर ते बँकेचे.