गाडीचा सातबारा आधी बघा

आम्ही पिंगळीच्या बचत गटातल्या बाया. आज बोलायचं आहे ते चारचाकीबद्दल. हसू नका. गटाच्या बैठकीत कर्जाचं कारण 'गाडी' असं कुणी सांगितलं की आधी आम्हीही हसायचो. बियाणं, शेळ्या, शिलाई मशीन, लेकीची फी, ही आमची नेहमीची कारणं. पण गेल्या वर्षभरात तीन घरांनी गाडीचं नाव काढलं आणि कारणंही खरी होती. परभणी जवळ आहे, गावाला रेल्वे स्टेशन आहे, पण रेल्वे तिच्या वेळेला येते आणि दुखणं त्याच्या वेळेला. एका घरात म्हाताऱ्या सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. प्रत्येक खेपेला भाड्याची गाडी कुणाला परवडणार?

त्या घरानं गटातून कर्ज घेतलं, थोडं सोनं गहाण ठेवलं आणि एक लाख नव्वद हजारांत जुनी गाडी आणली. रंग झकास, सीटवर नवी कव्हरं. विकणाऱ्यानं शंभराच्या बाँडवर नोटरी करून दिली आणि किल्ली हातात ठेवली. आम्ही पेढे खाल्ले. आठ महिन्यांनी बाजारातून फायनान्सवाल्यांची माणसं गाडी ओढून घेऊन गेली, कारण आधीच्या मालकाचे हप्ते थकले होते. गाडी गेली, सोनं सुटलं नाही, आणि गटाचा हप्ता ती बाई अजून मजुरी करून भरते. जामीन म्हणून सही आमची आहे. त्या दिवसापासून आम्ही गाडीचं शिक्षण घ्यायला लागलो.

पहिली गोष्ट कळली ती ही. जमीन घेताना आपण सातबारा बघतो, बोजा आहे का ते बघतो. गाडीचा सातबारा म्हणजे आरसी बुक. कर्जावर घेतलेल्या गाडीच्या आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव चढलेलं असतं. मालकानं कर्ज फेडलं तरी ते नाव आपोआप उतरत नाही. बँकेकडून नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवावा लागतो. विकणारा म्हणेल, 'फिटलंय हो सगळं, पत्र देतो नंतर.' नंतर नाही. बोजा उतरलेली आरसी डोळ्यानं बघितल्याशिवाय इसारही देऊ नका. घरातल्या पोरांच्या मोबाईलवर एम-परिवहन नावाचं सरकारी अॅप टाकून घ्या. त्यात गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा कधीपर्यंत आहे, गाडीवर कर्ज आहे का, हे दिसतं. थकलेली ई-चलानंही तपासून घ्या.

दुसरी गोष्ट नावाची. नोटरीनं गाडी आपल्या नावावर होत नाही. फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घेऊन ३० दिवसांच्या आत आरटीओत नाव बदलाचा अर्ज द्यायचा असतो. गाडी पलीकडच्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचं नाहरकत लागतं आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. दिल्लीकडच्या गाड्या स्वस्त मिळतात म्हणून भुलणारे पुष्कळ आहेत. तिकडं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश आले, म्हणून त्या इकडं येतात. कर आणि खेपा मोजल्या की स्वस्ताई उरत नाही. विमाही आपल्या नावावर करून घ्यायचा, नाहीतर अपघातात आपल्याच गाडीच्या नुकसानीचे पैसे मागायला गेलं की कंपनी नाव विचारते. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस मात्र आपल्याला मिळत नाही, तो माणसाबरोबर जातो.

हे विकताना तर जास्त महत्त्वाचं. आपल्याकडं बऱ्याच घरांत गाडी बाईच्या नावावर असते आणि ती कुणाला दिली हे तिला विचारलेलंही नसतं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे तुमच्या नावची गाडी नोटरीवर चार हात फिरली आणि पाचव्यानं कुणाला उडवलं, तर नोटीस तुमच्या दारात येईल. मोटारसायकललाही हेच लागू.

आता गाडी बघायला जाऊ. सकाळी जा, आणि बॉनेटला हात लावून बघा. गरम असेल तर विकणाऱ्यानं आधीच चालू करून ठेवली आहे, कारण थंड इंजिन खोटं बोलत नाही. चालू करताना निळसर धूर आला तर इंजिन ऑइल खातंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिखल दिसला तर ऑइलमध्ये पाणी गेलंय, परत फिरा. मीटर मागं फिरवलेलं असतं, म्हणून मीटरपेक्षा क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर बघा. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं रबर गुळगुळीत होत नाही. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. ३२२१ असेल तर टायर २०२१ सालच्या ३२ व्या आठवड्यातला.

आणि पुराची गाडी. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय झालं ते आपण बघितलंय. पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. स्टेपनीच्या खोबणीत गाळ, सीटखालच्या पट्ट्यांना गंज, काचा बंद केल्यावर कुबट वास, यातलं एकही दिसलं तर ती गाडी फुकट दिली तरी घेऊ नका. वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही.

आमचं मत विचाराल तर मध्ये शंभर-दोनशे रुपये वाचवायला जाऊ नका. विकणाऱ्याच्या ओळखीचा नाही, आपल्या ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या आणि त्याची मजुरी द्या.

वर्षाचंही बघा. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले आणि त्याच वर्षी जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग. म्हणून २०१९ च्या पुढची गाडी मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. पंधरा वर्षांना टेकलेली गाडी मात्र नको. नोंदणीच पंधरा वर्षांची असते, पुढं फेरनोंदणी, ती पण पाच-पाच वर्षांची, वर पर्यावरण कर.

नवी घ्यावी का? २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून फरक कमी झालाय. जुनी घेताना भाव पाडायला हे कारण वापरा. पण शोरूमच्या पाटीवरचा आकडा शेवटचा नसतो. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के रस्ता कर लागतो, म्हणजे पाच लाखांवर पंचावन्न हजार, वर विमा.

हप्त्याचा हिशेब आम्ही वहीत मांडला. चार लाखांचं कर्ज, व्याज १० टक्के. पाच वर्षांत फेडलं तर महिना सुमारे ८,५०० रुपये. सात वर्षांत फेडलं तर ६,६४०, पण एकूण ४८ हजार जास्त जातात. जुन्या गाडीच्या कर्जाचं व्याज सहसा याहून चढं असतं. आणि पेट्रोल! मनमाडच्या डेपोतून टँकर येतात म्हणून आपलं परभणीचं पेट्रोल राज्यात महागातलं, २०१८ साली नव्वदीला भिडलं तेव्हा बातम्यांत आपलंच नाव होतं. महिन्याला ५०० किलोमीटर, लिटरला १८ चा अॅव्हरेज, लिटर १०६ रुपये धरला तर तीन हजार होतात. सोयाबीनचे पैसे वर्षातून एकदा येतात, हप्ता दर महिन्याला. दूध किंवा पगार असं महिन्याचं काही घरात येत नसेल तर मोठा हप्ता घेऊ नका.

डायलिसिसवाल्या घरानं यंदा दुसरी गाडी बघितली. २०१९ ची, एमएच २२ चीच, एकाच मालकाची. पैसे तीन टप्प्यांत दिले: थोडे इसार म्हणून, मोठा भाग बोजा उतरलेली आरसी दाखवल्यावर, आणि शेवटचे वीस हजार नाव बदलल्यावर. विकणारा कुरकुरला, पण तयार झाला. आरसीवर नाव सूनबाईचं आहे, आणि आता तिनं शिकाऊ लायसन्स काढलंय.