रोटाव्हायरसची अनेक रूपे

पाच वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला रोटाव्हायरसची लागण होते, अनेकांना पुन्हापुन्हा होते. असे का? पहिल्या लागणीने मिळणारी प्रतिकारशक्ती अपुरी असते, आणि पुढचा वाण निराळा असू शकतो.

१९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप व सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्यात हा चाकासारखा विषाणू पाहिला. त्याची जनुके आरएनएच्या ११ सुट्या तुकड्यांवर असतात. दोन वाण एकाच पेशीत शिरले, की पिसलेल्या पत्त्यांप्रमाणे तुकड्यांची अदलाबदल होऊन नवा वाण जन्मतो.

२०१६ पासून भारताच्या सरकारी लसीकरणात या विषाणूवरची लस आहे. तरीही रुग्णांमधील वाण तपासत राहावे लागतात. उद्या बळावणाऱ्या वाणाला आजची लस रोखेल का, हे त्यावरूनच कळते. वाण कोणताही असो, जुलाब होताच मीठ-साखर-पाणी मात्र लगेच सुरू करावे.