डॉक्टरसाहेब, एवढे तरी विचारा!

वस्तीतल्या दवाखान्यात डायबिटीसचा पेशंट येतो. डॉक्टर रिपोर्ट पाहतात, गोळी वाढवतात, पुढचा नंबर पुकारतात. हा माणूस गोळी बंद करून कुणाचे तरी चूर्ण खातो आहे, याचा त्यांना पत्ताच नसतो. ते विचारीत नाहीत, हा सांगत नाही. सांगितले तर अंगावर ओरडतात, "मग त्या बाबाकडेच जा!"

फॅमिली डॉक्टरांच्या या दोन तऱ्हा आहेत. एक हेटाळणी करणारा, दुसरा "घ्या, साइड इफेक्ट नाही" म्हणणारा. तपासणी दोघांकडेही नाही. साइड इफेक्ट नाही? दक्षिण आशियात बनलेली आणि अमेरिकेत बोस्टन परिसरातील दुकानांत विकली जाणारी ७० आयुर्वेदिक औषधे तपासली, तेव्हा १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला आहे.

आणि वस्तीतल्या पाट्या वाचा. एम.बी.बी.एस. थोडे, बी.ए.एम.एस., बी.एच.एम.एस. जास्त. यातले कितीतरी जण स्वतः ॲलोपॅथीच देतात! होमिओपॅथांना एक वर्षाच्या कोर्सनंतर ती देता यावी म्हणून राज्य सरकारने २०१४ साली कायदा बदलला. प्रकरण कोर्टात गेले, २०२५ साली ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी संप केला. भांडण पॅथीच्या हक्काचे. एम.बी.बी.एस. डॉक्टर झोपडपट्टीत बसायला का तयार नाही, यावर मात्र कोणी संप केल्याचे ऐकिवात नाही.

आपली माणसे अडाणी म्हणून चूर्णाकडे वळतात, हा समज खोटा आहे. बंगलेवालेही बाबांची औषधे घेतातच. वैदू अर्धा तास ऐकून घेतो, डॉक्टर दोन मिनिटे. गरिबाला तेवढा मान कुठे मिळतो?

तथागतांनी कालामांना परंपरा, ग्रंथ आणि गुरूचा शब्द, सारेच पारखून घ्यायला सांगितले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम वकील यांनी तेच केले. सर्पगंधा ही वैद्यांची जुनी मुळी. त्यांनी ती हसण्यावारी नेली नाही आणि डोक्यावरही घेतली नाही. रक्तदाबाच्या पेशंटना देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. त्यानंतर पाश्चात्त्य डॉक्टरही सर्पगंधा वापरू लागले.

प्रत्येक फॅमिली डॉक्टरने संशोधन करावे असे कोण म्हणतो? "आणखी काय घेता?" एवढे न रागावता विचारावे आणि केसपेपरवर लिहावे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आपलेच डॉक्टर मोफत तपासणी करतात. तिथल्या फॉर्मवर हा प्रश्न छापायला हवा. पेशंटनेही येताना पुडी, बाटली जे असेल ते पिशवीत घालून आणावे.