सोबती गमावलेल्या कुत्र्याला कसे सावरावे?

घरातील दोन कुत्र्यांपैकी एकाचा मृत्यू झाला की मागे राहिलेले कुत्रे अनेकदा दाराशी बसून राहते, सोबत्याची नेहमीची जागा हुंगते किंवा अन्नाला तोंडही लावत नाही. याला मानवी अर्थाने शोक म्हणावे का, याविषयी शास्त्रज्ञांमध्ये एकमत नाही. वागणुकीत बदल होतो, हे मात्र अनेक पाहण्यांमधून दिसून आले आहे.

इटलीतील ४२६ श्वानपालकांच्या माहितीवर आधारित अभ्यास फेब्रुवारी २०२२ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील ८६ टक्के पालकांनी मागे राहिलेल्या कुत्र्याच्या वागण्यात बदल झाल्याचे नमूद केले. ६७ टक्के कुत्री मालकाच्या अधिक मागे-मागे राहू लागली, ५७ टक्के कुत्र्यांचे खेळणे कमी झाले, तर ३२ टक्के कुत्र्यांचा आहार घटला. दोन्ही कुत्री किती काळ एकत्र राहिली यापेक्षा त्यांचे नाते कसे होते आणि ती अन्न वाटून खात होती का, या बाबी अधिक महत्त्वाच्या ठरल्या. मालकाच्या दुःखाची तीव्रता आणि कुत्र्यातील बदल यांचाही संबंध आढळला. अर्थात, ही माहिती मालकांनीच दिलेली असल्याने त्यांच्या मनःस्थितीची छाया उत्तरांवर पडली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

कुत्रे खात नाही, ते दुःखामुळेच, असे गृहीत धरणे मात्र धोक्याचे आहे. भारतात गोचिडांमुळे होणारा ताप, पार्व्हो, डिस्टेंपर आणि लेप्टोस्पायरोसिस हे आजार सर्रास आढळतात. पहिल्या कुत्र्याचा बळी घेणारा आजार दुसऱ्याच्याही अंगात असू शकतो. मरगळ आणि मंदावलेली भूक ही लक्षणे दोन्हीकडे सारखीच दिसतात. त्यामुळे कुत्र्याने चोवीस तास काहीही खाल्ले नाही, किंवा उलट्या, जुलाब, ताप यांपैकी काहीही दिसले, तर विलंब न करता पशुवैद्यकांना दाखवावे. पिल्लांच्या बाबतीत तर इतका वेळही थांबू नये. माणसांसाठीची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन ही औषधे स्वतःच्या मनाने देऊ नयेत. ती कुत्र्यांना विषारी ठरू शकतात.

गेलेल्या कुत्र्याचे अंथरूण लगेच धुऊ नये, त्याचा वास दुसऱ्याला काही काळ मिळू द्यावा, असा सल्ला अनेकदा दिला जातो. मृत्यू वार्धक्याने किंवा अपघाताने झाला असेल तर त्यास हरकत नाही. पार्व्होसारख्या संसर्गाने झाला असेल तर मात्र हा सल्ला मुळीच पाळू नये. हा विषाणू परिसरात कित्येक महिने टिकून राहतो. अंथरूण नष्ट करून जागा ब्लीचच्या द्रावणाने स्वच्छ करणे आवश्यक असते.

सर्वाधिक उपयोग होतो तो नित्यक्रमाचा. जेवण, फिरणे आणि झोप यांच्या वेळा शक्यतो बदलू नयेत. दया येऊन बिस्किटे, शिरा किंवा मांसाचे तुकडे समोर ठेवण्याचा मोह घरोघरी होतो. त्यातून कुत्र्याला नेहमीचे अन्न नाकारण्याची सवय मात्र लागते. फिरायला नेताना अधूनमधून नवा रस्ता घ्यावा, हुंगण्यास भरपूर वेळ द्यावा.

यापूर्वी कधीच एकटे न राहिलेल्या कुत्र्याची अडचण अधिक गंभीर असते. त्याला सुरुवातीला काही मिनिटेच एकटे सोडून हा कालावधी हळूहळू वाढवावा. दिवाळीतील फटाक्यांच्या वेळी सोबत्याला चिकटून बसणाऱ्या कुत्र्याजवळ त्या रात्री घरातील कोणीतरी थांबणे इष्ट.

दुसरे कुत्रे लगेच आणावे का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. पहिल्याची जागा भरून काढण्याच्या घाईत आणलेले पिल्लू वयस्क कुत्र्यासाठी आणखी एक त्रास ठरू शकते. त्याची भूक, झोप आणि खेळणे पूर्ववत होईपर्यंत थांबावे. यास काही आठवडे लागतात. काही कुत्र्यांच्या बाबतीत सहा महिन्यांहूनही अधिक काळ लागल्याचे इटलीतील अभ्यासात दिसून आले होते. नवे कुत्रे आणायचे ठरल्यास दोघांची पहिली भेट घराबाहेर, मोकळ्या जागी घडवावी आणि जेवणाची भांडी सुरुवातीपासूनच वेगळी ठेवावीत.