धुऱ्यावरची तूर आणि नकालाचे बंदर

पूर्व विदर्भातल्या केशोरीच्या शिवारात रोवणीचे दिवस आले की धुऱ्यांवर तूर टोकली जाते. खाली बांधीत चिखल, पाणी आणि धान. तूर मात्र वर, कोरड्या धुऱ्यावर, कारण साचलेले पाणी तिच्या मुळांना सोसत नाही. इटियाडोह धरणालगतच्या या मुलखात पोट भरते ते धानावर आणि नाव होते ते मिरचीचे. तूर घरच्या वरणापुरती. उरली तर पोते-दोन पोती बाजारात. तुराट्या चुलीला आणि कुंपणाला. त्या पोत्याला काय भाव मिळणार, हे ज्या गोष्टींवर ठरते त्यांतली एक समुद्रापलीकडे, मोझांबिकमध्ये पिकते.

आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचा हा देश महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा, सुमारे ८ लाख चौरस किलोमीटरचा. लोकवस्ती मात्र तीन कोटींच्या थोडी वर. झांबेझी नदी त्याचे दोन भाग करते. किनारा जवळपास अडीच हजार किलोमीटर लांब आहे. पण मापुतो, बैरा आणि नकाला या बंदरांतून निघणारे लोहमार्ग आडवे, शेजारच्या देशांकडे जातात. पोर्तुगिजांनी ते शेजाऱ्यांचा माल समुद्रावर आणण्यासाठीच टाकले. देशाच्या उत्तरेला दक्षिणेशी जोडणे त्यांना कधी गरजेचे वाटले नाही. काहोरा बासा धरणाची बरीचशी वीज आजही दक्षिण आफ्रिकेला जाते आणि मोझांबिकची खेडी अंधारात राहतात. विदर्भाच्या पूर्व टोकावरच्या वाचकाला हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

गोव्याशी या देशाचे नाते जुने. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चाले. पुढे गोव्यातच जन्मलेले आकिनो द ब्रागांसा मोझांबिकच्या मुक्तिलढ्यातले विचारवंत झाले. २५ जून १९७५ ला देश स्वतंत्र झाला. १९ ऑक्टोबर १९८६ च्या विमान अपघातात राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल गेले, त्यांच्यासोबत ब्रागांसाही. १९७७ ते १९९२ या काळातल्या यादवी युद्धाने शेती, रस्ते, शाळा सारे मोडले.

त्या मोडलेल्या शेतीत उत्तरेकडच्या नांपुला आणि झांबेझिया प्रांतांत तूर रुजली. बियाणे मुळात भारताचे. हजारो वर्षांपूर्वी तूर भारतातूनच आफ्रिकेत गेली. तिथला शेतकरीही लहान, कोरडवाहू, कुदळीने शेती करणारा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पावसात मक्याच्या ओळींमध्ये तो तूर पेरतो. मका आधी निघतो, तूर जुलै-ऑगस्टपासून. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऋतू उलटे असल्याने ती तूर आपल्याकडे पोहोचते ती जुना साठा संपत आलेला आणि नवी तूर अजून शेतात उभी असताना. ती जिथून निघते ते नकालाचे बंदर म्हणूनच महत्त्वाचे.

२०१५ मध्ये आपल्याकडे तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली. २०१६ मध्ये दिल्लीने मोझांबिकशी करार केला : पहिल्या वर्षी १ लाख टन, पाच वर्षांत २ लाख टनांपर्यंत. त्याच हंगामात भाव पाहून आपल्या शेतकऱ्यांनीही भरमसाट तूर पेरली. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये क्विंटल. बाजारात त्याहून कितीतरी कमी. बारदाना नाही म्हणून खरेदी केंद्रे बंद पडली आणि पोती उघड्यावर राहिली. मग ऑगस्ट २०१७ मध्ये आयातीवर मर्यादा आली. करारातला माल तिच्यातून वगळलेला होता, तरी मोझांबिकच्या खेड्यांत खरेदीचा भाव कोसळला.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त खटकतात त्या तारखा. नांपुलात काढणी चालू असताना, ऑगस्टमध्ये, मर्यादेचा निर्णय झाला. पुढे मे २०२१ पासून आयात खुली केली आणि मुदतवाढी मिळत गेल्या. त्यांतली एक, ३१ मार्च २०२६ पर्यंतची, २० जानेवारी २०२५ ला जाहीर झाली. विदर्भातली तूर नेमकी तेव्हाच बाजारात येत असते. शहरातल्या गिऱ्हाइकाला डाळ परवडली पाहिजे, हे मान्य. पण आयातीचे धोरण मेअखेर ठरवता येते, म्हणजे इकडे पेरणीला आणि तिकडे पुढच्या पेरणीलाही वेळ राहतो. किती आणायचे आणि किती शुल्क लावायचे, हे दोन आकडे धुऱ्यावर बी पडण्याआधी केशोरीपर्यंत पोहोचले पाहिजेत, आणि नोव्हेंबरच्या आधी नांपुलापर्यंत.